डाव्या डोळ्याचा फोटो

सोलापूर
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

अण्णा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या हॉस्पिटलमधल्या आरजूकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे, सिद्धेश्वरी. फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. जुळे सोलापुरातल्या त्याच दोन खोल्या, तेच डोळ्यांचं हॉस्पिटल, पडद्याचे फोटो काढायची तीच खोली, जी भर दुपारीही अंधारी ठेवावी लागते. आज श्रावणातला दुसरा सोमवार. सिद्धेश्वराच्या देवळाकडे गर्दी होती म्हणून रिक्षा लांबून आणावी लागली. अव्वा असती तर आईच्या हक्काने म्हणाली असती, देवाच्या दारावरून गेलीस आणि आत नाही गेलीस.

तुमच्या गल्लीतले कुंडलिकमामा मोतीबिंदूसाठी आले होते. त्यांच्याकडून कळलं की तुझी सृष्टी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अकलूजलाच. चष्मा अजून जाड झालाय म्हणाले. पुस्तक नाकाला लावून वाचते म्हणाले. तिला एकोणीस पूर्ण झाली ना? मी बोटांवर मोजलं.

दीड वर्षापासून माझ्याकडे एक वेगळं काम आलंय. ज्यांना फार मोठा उणे नंबर असतो, आपल्या सृष्टीसारखा, त्यांचा डोळा मागच्या बाजूने लांबट होत जातो आणि आतला पडदा ताणून पातळ होतो. कुणाचा पडदा आयुष्यभर तसाच टिकतो, कुणाचा चिरतो आणि खालून रक्त येतं. कुणाचा कधी, हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. म्हणून आता जगभर एआयवर संशोधन चाललंय. हजारो फोटो दाखवायचे आणि कॉम्प्युटरलाच शिकवायचं. सुरुवातीला आजार आहे की नाही, एवढंच ओळखायला शिकवत होते. आता त्याच्या पुढे गेलेत. आज एखाद्या पोराचा फोटो दाखवला तर पाच-दहा वर्षांनी त्याच्या डोळ्याचं काय होईल हे सांगता आलं पाहिजे, आणि तेही सांगोल्याच्या एखाद्या शाळेत, मोबाईलला लावलेल्या भिंगातून.

आमच्याकडे पंधरा वर्षांचे फोटो पडून होते. त्यांच्यावरची नावं काढून नुसते आकडे घातलेत. मी एकेक बघायचा आणि काय दिसतं ते नोंदवायचं: चीर, रक्त, पातळ झालेला भाग, की फोटोच खराब. आम्ही जे नोंदवतो त्यावर एआय शिकतं. आरजू हे सगळं चालवते. इथलीच पोरगी, पुण्याला शिकून आईसाठी परत आली.

तर सांगायचं एवढंच, की सृष्टीला एकदा घेऊन ये. नवीन मशीन आलंय, पडद्याचे थर वेगळे दाखवतं. उजवा डोळा एकदा बघून ठेवू. घाबरण्यासारखं काही नाही. सहज म्हणते.

वैनीला नमस्कार.

सिद्धेश्वरी

&nbsp;

सोलापूर
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

अण्णा,

पत्र पोचलं हे कुंडलिकमामांनी फोनवर सांगितलं. पोस्टमन गेला तसं तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस म्हणाले. फाडलं नाहीस, हे मी धरून बसलेय.

मागच्या पत्रात 'सहज' असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला एक फोटो समोर आला. डावा डोळा. नाव नाही, गाव नाही, सहा आकडी नंबर. पण अण्णा, एकोणीस वर्षं मी डोळ्यांचे पडदे बघतेय. माणसाचं तोंड मी विसरते, पडदा विसरत नाही. नारिंगी गोल, आणि त्यात वरून येणारी एक नस खाली वळता वळता मध्येच मागे फिरते, घाटातला रस्ता फिरावा तशी. अशी नस मी एकाच पोरीच्या डोळ्यात पाहिली होती. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि हनुवटी टेकवायच्या पट्टीवर तिची हनुवटी पोचत नव्हती म्हणून मी तिला दोन रजिस्टरांवर बसवलं होतं.

तो फोटो मी नोंदवला आणि पुढे गेले. दहा दिवसांनी तोच परत आला. मला वाटलं कॉम्प्युटर चुकला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. तेव्हापासून तो माझ्याबरोबर आहे. तव्यावर भाकरी फुगते आणि मधोमध एक डाग पडतो, तर मी गॅस बंद करून नुसती उभी राहते. डोळे मिटले की तो मिटलेल्या पापणीच्या आत दिसतो, आणि त्याला पापणी नाही.

नावं काढलेल्या फोटोंमागे जायचं नाही असा नियम आहे. मी गेले. जुनं रजिस्टर काढून नंबर जुळवला. सृष्टी अमरेश, वय ११, मैंदर्गी, ११ नोव्हेंबर २०१७. तुम्ही तेव्हा अकलूजला गेला नव्हता.

डाव्या डोळ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. मी लिहितेय उजव्यासाठी. त्याच दिवशी काढलेला तिचा उजव्या डोळ्याचा फोटोही या कामात आहे. एआय फोटोवर रंग चढवतं, जिथे त्याला धोका वाटतो तिथे लाल. उजव्या डोळ्याच्या मधोमध, नजरेच्या जागेच्या अगदी शेजारी, लाल बारीक रेघ आली. मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. केसाएवढी फिकट चीर आहे. तेव्हाच होती. त्या चिरेतून रक्त येईलच असं नाही. आठ वर्षं आलं नाही, हे तिचं नशीब. पण येऊ शकतं, आणि तिच्याकडे आता तेवढा एकच डोळा आहे.

आलं तर आज त्यावर इलाज आहे. पण पहिल्या काही दिवसांतच. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, दाराची चौकट, वहीची रेघ, तर लगेच निघायचं.

तेव्हा डाव्या डोळ्याचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. त्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसत होती, रस्त्याचं काम चालू होतं.

तिला घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस, मी त्या दिवशी रजा टाकते.

सिद्धेश्वरी

&nbsp;

सोलापूर
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

सृष्टी,

हे पत्र तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझ्या वडिलांना दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. ती त्यांनी तुला दाखवली की नाही मला माहीत नाही. तू आता मोठी आहेस आणि डोळा तुझा आहे, म्हणून तुलाच लिहिते. अक्षर मोठं आणि काळ्या पेनने काढलंय. एकटी असताना वाच.

आधी कामाचं. उजवा डोळा लवकरात लवकर तपासून घे. इथे नको वाटत असेल तर पुण्याला जा, पण जा. का ते दुसऱ्या कागदावर वेगळं लिहून जोडलंय, डॉक्टरला तो कागद दाखव.

आता बाकीचं.

गेल्या आठवड्यात आमच्या कामावरची आरजू माझ्या खोलीत येऊन बसली. वयाने तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, नोंदवणाऱ्याचं लक्ष ठिकाणावर आहे का हे बघायला आम्ही काही फोटो न सांगता परत परत दाखवतो. मग तिने तुझ्या डाव्या डोळ्याचा फोटो उघडला.

"मॅडम, बाकी सगळीकडे तुमची उत्तरं जुळतात. या एकाच फोटोला तुम्ही तीनदा तीन उत्तरं दिलीत. पहिल्यांदा धूळ. मग शंका. मग कोरं सोडलंत."

मी म्हटलं, माणूस आहे, थकते. मग तिने शांतपणे सांगितलं की एआयला स्वतःचं काही कळत नाही. असे डाग आपण धूळ म्हणून शिकवले, तर उद्या शाळेशाळेतून येणारे असे सगळे डाग ते धूळ म्हणूनच सोडून देईल. आपण त्या शाळेत नसू, त्या पोराला घरी पाठवण्याआधी पुन्हा बघणारं कुणी माणूसही नसेल.

त्यावर मी तिला जे सांगितलं ते आठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तुला सांगते.

अकरा नोव्हेंबर, शनिवार होता. मोठे डॉक्टर सांगोल्याला शिबिराला गेले होते. तू, तुझे वडील आणि आई आलात, नंबर वाढलाय का बघायला. मी तुझे फोटो काढले. डाव्या डोळ्यात मधोमध एक करडा ठिपका होता आणि त्याच्या कडेला रक्ताची बारीक रेघ. मला वाटलं काचेवर धूळ असेल. काच पुसली आणि परत फोटो काढला. ठिपका तिथेच होता. तुला जरा बाजूला बघायला सांगितलं आणि तिसरा काढला. काचेवरची धूळ फोटोत एकाच जागी राहते, डोळा हलला तरी. हा ठिपका डोळ्याबरोबर सरकला.

तेव्हा मला कळलं होतं, सृष्टी. कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःलासुद्धा सांगत आले.

तुम्हाला चारची गाडी पकडायची होती, दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला कुणाचा तरी साखरपुडा होता. तुझे वडील दारात उभे राहून मला विचारत होते, "काय गं, ठीक हाय न्हवं?" माझा मोठा भाऊ मला विचारत होता, डॉक्टरला नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. मी म्हटलं, ठीक आहे, नंबर तेवढा वाढलाय, उड्या-बिड्या मारू नको म्हणावं. सोमवारी डॉक्टरांना दाखवू आणि गरज पडली तर बोलावून घेऊ, असं मनात होतं.

सोमवारी दीडशे पेशंट होते. मी विसरले. यात दुसरं काही कारण नाही. विसरले.

दहाव्या दिवशी आठवलं. भांडी घासताना आठवलं आणि हात तसेच राहिले. त्या दिवशी फोन केला असता तरी चाललं असतं. डोळा वाचला असता किंवा बराचसा वाचला असता. पण फोन केला तर दहा दिवस काय करत होतीस हा प्रश्न येणार होता. मी हॉस्पिटलात गेले, तुझी फाईल काढली आणि फोटोखाली लिहिलं, 'धूळ'. एकदा लिहिल्यावर ती धूळच झाली. पुढचे पाच आठवडे मी नीट झोपले, हे सगळ्यांत वाईट.

डिसेंबरच्या शेवटी तुला डाव्या डोळ्यापुढे काळं दिसायला लागलं. तुम्ही आलात तेव्हा पडद्याखाली सगळं रक्त होतं. बाहेर बाकावर तुझ्या वडिलांनी मला विचारलं, त्या दिवशी काही दिसलं होतं का. मी नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मी तुझ्याकडे वळले आणि विचारलं, "उड्या मारल्यास का गं?"

तू मान हलवलीस. शाळेच्या गॅदरिंगला लेझीम बसवत होते म्हणालीस. तुझ्या आईने तिथेच, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडात मारली. चष्मा खाली पडला. मी तो उचलून दिला.

लेझीमने काही झालं नव्हतं. उड्यांनी असं रक्त येत नाही. ते आधीच आलेलं होतं, माझ्या फोटोत होतं.

दोन वर्षांनी तुझी आजी गेली, तेव्हा तुझ्या वडिलांनी मला पुन्हा तेच विचारलं, एकटीला बाजूला घेऊन. माझ्यावर संशय घेतोस का म्हणून मी आरडाओरडा केला आणि त्या दिवसापासून बोलणं तोडलं. लोकांना वाटतं त्यांनी तोडलं. मी तोडलं, म्हणजे तिसऱ्यांदा कुणी विचारायला नको.

मी आरजूबरोबर मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, नोंदवण्याचं काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल, आणि पोरीला आधी बोलवा. कॅमेऱ्याचं काम राहिलंय, तेही किती दिवस माहीत नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती द्यायची की नाही याचा विचारसुद्धा आत्ता करू नकोस. आधी उजवा डोळा.

आत्या

&nbsp;

सोलापूर
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

अण्णा,

सृष्टी गुरुवारी इथे येऊन गेली. कॉलेजला जाते म्हणून निघाली आणि मैत्रिणीला घेऊन एसटीने आली. मी तिला विचारलं, तुझ्या वडिलांना कळवू का. लिही म्हणाली. म्हणून लिहितेय.

मी तिला जे पत्र पाठवलं होतं त्यात त्या नोव्हेंबरचं सगळं होतं. तिने ते तुला दाखवलं नसेल तर तिच्याकडे मागून वाच. मी पुन्हा लिहू शकत नाही. थोडक्यात एवढंच, की तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी खोटं बोलले.

ती दारातून आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. तुझी उंची घेतलीय. भिंतीला हात न लावता चालते, पण डावीकडून कुणी आलं की दचकते. बसली नाही. म्हणाली, "आत्या, आधी फोटो दाखवा." मला अहो-जाहो करते.

आरजूने उघडून दिला. सृष्टीने चष्मा काढला आणि उजवा डोळा कॉम्प्युटरच्या पडद्याला जवळजवळ टेकवला. मी बोट ठेवून ठिपका दाखवला. ती खूप वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हा कधीचा?"

"अकरा नोव्हेंबर."

"लेझीम एक डिसेंबरला सुरू झालं," ती म्हणाली. "मला पाठ आहे. पहिल्याच दिवशी मी डाव्या हातात धरलं म्हणून सर ओरडले होते."

एवढंच. अण्णा, ही तारीख मला ठाऊक नव्हती. तुला असेल. तिला आठ वर्षं पाठ होती, आणि माझ्याकडे दुसरी तारीख होती. दोघी एकदा समोरासमोर बसून बोललो असतो तर पाच मिनिटांत सगळं उलगडलं असतं.

मग तपासणी झाली. थर दाखवणाऱ्या मशीनवर उजव्या डोळ्यात, त्या जुन्या चिरेच्या कडेला, पडद्याखाली थोडं पाणी दिसलं. नवी नस फुटायला लागली आहे. डॉक्टरांनी तिला विचारलं, काही वेगळं दिसतं का. ती म्हणाली, दोन आठवडे झाले, वहीची एक रेघ मध्येच वर उचललेली दिसते, मला वाटलं छपाईच वाईट आहे.

दोन आठवडे, अण्णा. माझं दुसरं पत्र तेव्हा तुझ्याकडे होतं. मी तुला दोष देत नाही, मला तो हक्क नाही. पण त्या पत्रात मी चौकट आणि रेघ लिहिली होती.

शुक्रवारी सकाळी डोळ्यात इंजेक्शन दिलं. वेळेत मिळालं म्हणतात डॉक्टर. दर महिन्याला एक, निदान तीन, मग बघायचं. नजर आज आहे तेवढी टिकेल अशी आशा आहे. खात्री कुणी देत नाही. रात्री ती मैत्रिणीच्या मावशीकडे राहिली, माझ्याकडे नाही.

आरजूने तिला विचारलं, तुझे फोटो या संशोधनातून काढून टाकायचे का, तुझा अधिकार आहे. सृष्टी म्हणाली, राहू द्या, फक्त खाली नीट लिहा. डॉक्टरांनी तिच्यासमोर नवीन नोंद केली. तिने ती वाचून घेतली आणि मग सही केली.

निघताना तिने मला एक काम सांगितलं. मी अकलूजला यायचं आणि तिच्या आईसमोर हे तोंडाने सांगायचं. पत्र चालणार नाही म्हणाली. "आईला अजून वाटतं मी ऐकलं नाही म्हणून झालं. मला पण काल-परवापर्यंत तसंच वाटायचं."

दसरा झाला की रविवारी, पाच तारखेला येतेय. दार लावलंस तर बाहेरून सांगीन.

सिद्धेश्वरी

&nbsp;

सोलापूर
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

परवा तू दार लावलं नाहीस. खुर्ची दिलीस, पाणी वैनीने दिलं. मी उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. तू खिडकीकडे बघत होतास. सृष्टी माझ्याकडे बघत होती, आणि मी एखादं वाक्य गाळलं की ती थांबवून ते माझ्याकडून वदवून घेत होती.

वैनी मला शिव्या देईल, अंगावर येईल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "म्हंजी लेझमीनं झालं न्हाय?" मी नाही म्हटलं. मग ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "मग मी तिला का मारलं?"

ते वाक्य माझ्या खोलीत येऊन राहिलंय. पेशंटची हनुवटी पट्टीवर टेकवते, दिवा लावते, आणि ते ऐकू येतं. फोटो निदान कॉम्प्युटरवर बंद तरी करता येतो.

सृष्टी आईजवळ गेली नाही, लांबही गेली नाही. दोघी एकाच भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेव्हा मी निघाले.

स्टँडकडे चालत होते तर तू मागून गाडी घेऊन आलास आणि "बस" म्हणालास. सहा वर्षांत तुझा पहिला शब्द. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या नव्हत्या, मोकळा होता, तरी तू गाडी कडेला घेऊन थांबवलीस. तेव्हा जे बोललास ते तुझ्याच शब्दांत इथे उतरवते, म्हणजे पुढे आपल्या दोघांनाही ते विसरता येणार नाही.

तू म्हणालास, "मला ठावं हुतं."

मी काय म्हणून विचारलं.

"त्या दिवशी बाकावर तू न्हाय म्हणलीस, तवाच तुझ्या तोंडावरनं कळलं. अव्वा गेली तवा परत विचारलं ते खात्री करायला. पर मी बी गप बसलो. तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, अव्वाला कळलं असतं, घर फुटलं असतं. पोरीच्या हातनं झालं म्हणलं की कुणाला कायबी करावं लागत न्हाय."

मग म्हणालास, "हे सृष्टीला सांगू नको."

मी तेव्हा मान हलवली. गाडी सुरू केलीस, स्टँडवर सोडलंस, माझी पिशवी उतरवून दिलीस आणि मागे न बघता गेलास. पंढरपूर येईपर्यंत मला वाटत होतं, चला, अण्णा बोलला. त्यानंतर मला त्याची भीती वाटायला लागली. आपण दोघांनी मिळून पुन्हा तेच केलं होतं, या खेपेला रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. आता तिच्या फाईलवर 'धूळ' लिहायची पाळी तुझी होती आणि मी तुला पेन काढून दिला.

म्हणून हलवलेली मान परत घेते. मी तिला आपणहून सांगणार नाही, कारण ते तुझं आहे, तुझ्याच तोंडून गेलं पाहिजे. पण तिने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि ती विचारेल, अण्णा. परवा तुझ्याकडे एकदा बघितलं तिने, मी 'बाकावर' हा शब्द उच्चारला तेव्हा. तू खिडकीबाहेर बघत होतास, म्हणून तुला दिसलं नाही.

ती तुला काय म्हणेल मला माहीत नाही. मला तिने अजून काहीच म्हटलेलं नाही. अहो आत्या म्हणते, औषध किती वाजता टाकायचं ते नीट विचारते. यापुढे एवढंच असेल तर तेवढंही मला पुष्कळ आहे. तुझं तसं नाही. तू तिच्या घरात राहतोस.

पुढचं इंजेक्शन येत्या मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी साडेदहाला. आधी तपासणी होईल, म्हणून साडेनऊला पोचा. या वेळी तिला मैत्रिणीबरोबर पाठवू नकोस, तू आण. जेवून आली तरी चालेल. केस धुऊन यायला सांग, नंतर चार-पाच दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही.

आल्याबरोबर बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, मग इंजेक्शन, मग डोळ्यावर पट्टी. परतताना ती तुझ्या शेजारी बसलेली असेल, पण तिला तुझा चेहरा दिसणार नाही. तेव्हा जे सांगायचं ते येतानाच सांग.

सिद्धेश्वरी